दुसरी खिडकी उघडली की काट्याचं वजन गायब: एकाच कम्प्युटरवरचे प्रोग्राम एकमेकांशी का बोलत नाहीत

सोयाबीनची आवक सुरू झाली की दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत माझा फोन शांत बसत नाही आणि त्यातले बरेचसे फोन एकाच दुखण्याचे असतात. "दादा, पहिल्या खिडकीत वजन दिसायलंय, दुसरीत शून्यच हाय, बाहेर शेतकरी खोळंबलेत, काय करू?" मी म्हणतो बंद करून चालू करा, चालू होतं, आणि दोन दिवसांनी परत तोच फोन. तीन हंगाम हे असंच चाललं, मग एकदा ठरवलं की रिस्टार्ट सांगायचं नाही, आधी नेमकं काय अडकलंय ते बघायचंच. त्यातून जे जे सापडलं ते सगळं इथं लिहून ठेवतोय. तुमचा प्रोग्राम काट्याचा असो नाहीतर दवाखान्यातल्या टोकनचा, एकाच कम्प्युटरवर एकच प्रोग्राम दोन-तीनदा उघडून त्यांनी एकमेकांशी बोलायचं असेल तर दुखणी हीच निघतात.

आधी मांडणी सांगतो. लातूरच्या मार्केट यार्डात आणि औसा, उदगीर, अहमदपूरकडच्या अडत दुकानांत मी हिशोबाचा प्रोग्राम बसवून देतो. दुकानात कम्प्युटर एकच, पण त्यावर प्रोग्राम तीनदा उघडलेला असतो: एका खिडकीत शेतकऱ्याच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या), दुसरीत मुनीम खरेदीदाराची बिलं करायलेत, आणि तिसरी बाहेर लावलेल्या टीव्हीवर चालू वजन दाखवते म्हणजे पोतं काट्यावर असताना शेतकऱ्यालाही आकडा दिसतो. तिघींना वजन पाहिजे आणि काटा एकच. काट्याच्या इंडिकेटरमधून (आकडा दाखवणाऱ्या डब्यातून) सिरियल केबल निघते, कन्व्हर्टर लावून यूएसबीत जाते, विंडोजला ती कॉम३ नाहीतर कॉम४ अशी दिसते, आणि हा कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला उघडता येतो, दुसरा उघडायला गेला की ॲक्सेस डिनाइड. म्हणून एकानं वजन वाचायचं आणि बाकीच्यांना वाटायचं, दुसरा इलाज नाही.

मी सुरुवातीला असं केलं होतं की जी खिडकी आधी उघडेल ती कॉम पोर्ट धरेल आणि टीसीपीच्या (प्रोग्रामनी एकमेकांशी कनेक्शन जोडून बोलायची पद्धत) ७१०० नंबरच्या पोर्टवर (हा कॉम पोर्ट नव्हे, वेगळा, खाली सांगतो) बसून बाकीच्या खिडक्यांना वजन देईल. घरी टेबलावर हे झकास चाललं. दुकानात काय झालं, सकाळी मुनीमांनी आधी उघडलं, दुपारी ते जेवायला जाताना आपली खिडकी बंद करून गेले, आणि मालकाच्या खिडकीतलं वजन गेलं. मालक म्हणतात मी तर काहीच केलं नाही, आणि खरंच त्यांनी काही केलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मालकांनी आधी उघडलं तर दिवसभर काही अडलं नाही. म्हणून हे दुखणं कधी होतं, कधी होत नाही असं वाटायचं, पण ते ठरलेल्या नियमानंच होत होतं, फक्त कोण आधी उघडतं यावर.

हे कळायला एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला पाहिजे. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा कम्प्युटरचा नंबर, त्याला गाव म्हणा, पण नुसतं गाव सांगून माणूस सापडत नाही. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, तुम्ही कुणाला "गोलाईत ये" एवढंच सांगितलं तर तो येईल आणि फिरत बसेल, कोणत्या रस्त्यावरचं कोणतं दुकान ते सांगावं लागतं. पोर्ट नंबर म्हणजे ते दुकान. एका पत्त्यावर ० ते ६५५३५ एवढे नंबर असतात आणि एका पत्त्यावरच्या एका टीसीपी पोर्टवर ऐकत बसायला साधारणपणे एकच प्रोग्राम पाहिजे. आपला प्रोग्राम दोनदा उघडला की दोघंही त्याच दुकानाचं कुलूप उघडायला जातात, दुसऱ्याला विंडोज १००४८ ही एरर देतं, लिनक्सवर तीच ९८ नंबरची असते, अर्थ एकच, ॲड्रेस ऑलरेडी इन यूज, म्हणजे ही जागा आधीच कुणीतरी धरलीय. बऱ्याच प्रोग्राममध्ये ही एरर लॉगमध्ये (प्रोग्राम आपल्या घडामोडी लिहून ठेवतो त्या फाइलमध्ये) जाऊन पडते आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही, माझ्यातही तसंच होतं, ते मी पहिल्यांदा बदललं, आता लाल पट्टी येते.

आता तपासायचं कसं. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि नेटस्टॅट -एएनओ ही कमांड द्या (टाइप रोमन अक्षरांत करायची, नेटस्टॅटनंतर एक जागा सोडून डॅश आणि त्याला चिकटून ए, एन, ओ). भलीमोठी यादी येते, घाबरायचं नाही, त्यातल्या तुमच्या पोर्ट नंबरच्याच ओळी बघायच्या. ज्या ओळीत लिसनिंग (ऐकत बसलाय) लिहिलंय तो त्या पोर्टचा मालक, आणि शेवटच्या रकान्यातला आकडा म्हणजे त्या प्रोग्रामचा पीआयडी, चालू प्रोग्रामला सिस्टीमनं दिलेला नंबर. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये तोच पीआयडी शोधला की कोण बसलंय ते नावासकट कळतं. लिनक्सवाल्यांना एसएस -एलटीएनपी ही कमांड तेच काम करून देते.

एक बारकावा आहे जो मला बऱ्याच उशिरा लक्षात आला. दोन वेगळ्या कम्प्युटरमधलं कनेक्शन असेल तर प्रत्येक कम्प्युटरवर त्याची एक-एक ओळ दिसते, पण दोन्ही टोकं एकाच कम्प्युटरवर असतील तर एका कनेक्शनच्या दोन ओळी दिसतात, आरशात बघितल्यासारख्या उलटसुलट. एका ओळीत डावीकडं ५२३४४ आणि उजवीकडं ७१००, दुसरीत डावीकडं ७१०० आणि उजवीकडं ५२३४४, दोन्हीकडं एस्टॅब्लिश्ड (जोडलेलं), आणि पीआयडी वेगवेगळे. जोडी पूर्ण दिसली तर बोलणं जुळलेलं आहे, दुखणं प्रोग्रामच्या आत शोधा. आणि ज्या ओळीवर क्लोज-वेट लिहिलेलं दिसतं तिथं समोरच्यानं कनेक्शन बंद केलंय पण आपल्याकडच्या प्रोग्रामनं अजून आपलं टोक सोडलेलं नाही. अशा ओळी वाढत चालल्या तर तो सरळसरळ प्रोग्राम लिहिणाऱ्याचा दोष, दुकानदारानं काही करून तो जाणार नाही.

हे तपासणं रिस्टार्टच्या आधी करायचं, त्याच्यावर माझा एवढा जोर का, तर रिस्टार्ट केलं की पुरावाच पुसला जातो. कोण बसलं होतं, कोणत्या पत्त्यावर बसलं होतं, किती कनेक्शन अर्धवट लटकली होती, सगळं गेलं. आता मी फोनवर आधी त्या काळ्या स्क्रीनचा मोबाईलनं फोटो काढून पाठवायला सांगतो आणि मगच रिस्टार्ट करा म्हणतो, त्याला मिनिटभर लागतो.

एररचा शब्दही नीट वाचायचा. कनेक्शन रिफ्यूज्ड, म्हणजे विंडोजवर १००६१, याचा अर्थ कम्प्युटरनं उत्तर दिलं की त्या नंबरवर कुणी ऐकत नाही. टाइमआउट, १००६०, म्हणजे कुणी उत्तरच दिलं नाही. एकाच कम्प्युटरवर बोलणं असताना टाइमआउट आला तर माझा पहिला संशय चुकीच्या पत्त्यावर जातो, कारण स्वतःच्याच पत्त्यावरून उत्तर न येणं अवघड आहे. आणि विंडोज रिफ्यूज्ड सांगायच्या आधी स्वतःच परत परत प्रयत्न करतं, त्यात एक-दोन सेकंद जातात, त्यामुळं खिडकी जरा अडकल्यासारखी झाली म्हणून लगेच टाइमआउट समजू नका, एररचा नंबर बघा.

लपून बसलेल्या प्रोग्रामची भानगड सगळ्यात जास्त भेटते. खिडकी वरच्या फुलीनं बंद केली म्हणजे प्रोग्राम बंद झाला असं नसतं, कधी मागं एखादं काम अडकलेलं असतं, प्रिंटरला गेलेली पट्टी अर्धवट असते, खिडकी दिसेनाशी होते पण प्रोसेस (आत चालू असलेला प्रोग्राम) जिवंत राहते आणि पोर्टही धरून ठेवते. उदगीरच्या एका दुकानात तर वेगळंच निघालं, मालकाचं लॉगिन वेगळं, मुनीमांचं वेगळं, मुनीम आपलं काम झालं की स्विच यूजर करून मालकाला जागा द्यायचे. मालकाच्या लॉगिनमध्ये बघितलं तर आपला प्रोग्राम कुठंच चालू दिसत नव्हता आणि पोर्ट मात्र बिझी. स्विच यूजर केल्यावर आधीच्या लॉगिनमधले प्रोग्राम चालूच राहतात, आणि पोर्ट हे अख्ख्या कम्प्युटरचे असतात, लॉगिनप्रमाणं वेगळे मिळत नाहीत. नेटस्टॅटनं पीआयडी दाखवला, टास्क मॅनेजरमध्ये सगळ्या यूजरच्या प्रोसेस बघितल्या तेव्हा मुनीमांची खिडकी सापडली. अर्धा दिवस गेला होता त्यात.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ही बऱ्याच जणांच्या कोडमध्ये बसलेली आहे. पोर्ट बिझीची एरर घालवायला मी रियूज-ॲड्रेस नावाचा सॉकेट ऑप्शन (पोर्टवर बसताना कोडमध्ये द्यायची सूचना) लावला, लिनक्सवर लिहिलेल्या जुन्या कोडमधून तसाच उचलला. लिनक्सवर त्याचं काम साधं आहे, प्रोग्राम बंद करून लगेच उघडला आणि जुनं कनेक्शन अजून टाइम-वेटमध्ये, म्हणजे बंद झाल्यावरच्या वाट बघायच्या अवस्थेत, पडलेलं असलं (लिनक्सवर ते साठ सेकंद तसं राहतं) तरी पोर्ट परत मिळतं, पण दोन जिवंत प्रोग्रामना एकाच वेळी त्याच टीसीपी पोर्टवर ऐकत बसू देत नाही. विंडोजवर हाच ऑप्शन तेही करू देतो. दोन्ही खिडक्या म्हणतात आम्ही ७१०० वर बसलोय, एकीलाही एरर नाही, आणि येणारं कनेक्शन दोघींपैकी कुणाकडं जाईल याची काही खात्री नाही. टीव्हीवरची खिडकी कधी वजन देणाऱ्या खिडकीला जोडली जायची, कधी तिला जिच्याकडं कॉम पोर्टच नाही, मग नुसतं शून्य. एरर गेली आणि दुखणं जास्त खोल गेलं. विंडोजवर ऐकणाऱ्या प्रोग्रामला रियूज-ॲड्रेस लावू नका, त्याच्या उलट काम करणारा एक्सक्लुझिव्ह-ॲड्रेस-यूज नावाचा ऑप्शन आहे तो लावा, म्हणजे आपण बसलो की दुसरं कुणी त्या जागेवर येऊच शकत नाही आणि आलं तर स्वच्छ एरर मिळते. लिनक्सवर रियूज-पोर्ट म्हणून आणखी एक ऑप्शन आहे, २०१३ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.९ बरोबर आला, तो एकाच कामाच्या बऱ्याच प्रोसेसमध्ये कनेक्शनं वाटून द्यायला आहे, काट्यासारख्या कामाला तो नको.

पत्त्याचं दुखणं याच्याइतकंच मोठं आहे आणि आमच्याकडं ते लाइटीमुळं उघडं पडतं. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये मी काट्याचा पत्ता म्हणून कम्प्युटरचाच वायफायवरचा पत्ता भरला होता, १९२.१६८.१.५ असला काहीतरी. लाइट गेली, इन्व्हर्टरवर कम्प्युटर चालू, काटा चालू, पण राउटर इन्व्हर्टरवर घेतलेला नाही, तो बंद. राउटर गेला की विंडोज तो वायफायचा पत्ता काढून टाकतं, आणि त्या पत्त्यावर बोलायला जाणाऱ्या खिडक्या मुक्या होतात. दुकानदार म्हणतो इंटरनेट नाही म्हणून वजन नाही, आणि मीही फोनवर दोनदा मान्य केलं होतं की हो, लाइट आली की होईल. पण एका टेबलावर ठेवलेल्या कम्प्युटरमधल्या दोन खिडक्यांना बोलायला राउटर कशाला लागतो? नाहीच लागत. दुसरी गोष्ट, लाइट आल्यावर राउटर परत चालू झाला की तो पत्ता तोच देईल असंही नाही, कालचा ५ आज ८ होतो आणि सेटिंगमध्ये ५ च राहतो.

इलाज एका ओळीचा आहे, एकाच कम्प्युटरवरच्या बोलण्यासाठी १२७.०.०.१ वापरायचा. हा पत्ता कम्प्युटरचा स्वतःशी बोलायचा, वायर नको, वायफाय नको, राउटर नको, सगळं बंद असलं तरी तो असतोच. खरं तर १२७ नं सुरू होणारा अख्खा गटच यासाठी राखून ठेवलाय, त्यामुळं विंडोज नाहीतर लिनक्सवर एका कम्प्युटरवर दोन फर्मचे दोन स्वतंत्र काटे असतील तर एकाला १२७.०.०.१ आणि दुसऱ्याला १२७.०.०.२ देऊन पोर्ट नंबर तोच ठेवता येतो, मी एका ठिकाणी तसंच केलंय. आणखी फायदा म्हणजे १२७.०.०.१ वरच ऐकणारा प्रोग्राम असला की विंडोजची फायरवॉल परवानगी विचारत नाही आणि बाहेरच्या कुणाला त्या पोर्टला हातही लावता येत नाही. ०.०.०.० वर ऐकत बसलात तर सगळ्या पत्त्यांवर बसलात, मग परवानगीची खिडकी येते, घाईत कुणीतरी कॅन्सल दाबतं. यावरूनच सांगतो, एकाच कम्प्युटरवरची बोलणी अडली म्हणून फायरवॉल बंद करू नका, १२७.०.०.१ वरची ये-जा ती सहसा अडवत नाही, म्हणजे उपयोग तर होत नाहीच आणि कम्प्युटर मात्र उघडा पडतो.

लोकलहोस्ट असं नाव लिहिलं तर चालतं का? चालतं, पण त्यातच एक खड्डा आहे. लोकलहोस्ट या नावाचे दोन पत्ते असतात, आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचा १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा ::१. माणसाला दोन्ही एकच वाटतात पण पोर्टच्या हिशोबानं ही दोन वेगळी गावं आहेत. वजन देणारा १२७.०.०.१ वर ऐकतोय आणि टीव्हीची खिडकी लोकलहोस्ट म्हणून ::१ वर गेली तर रिफ्यूज्ड. माझं टीव्हीचं पान नोड (जावास्क्रिप्टचा कोड चालवणारा प्रोग्राम) वर चालतं, त्याची १७ नंबरची आवृत्ती २०२१ मध्ये आली त्यात पत्ते निवडायची पद्धत बदलली, आधी ते आयपीव्ही४ पुढं करायचं, नंतर सिस्टीम ज्या क्रमानं पत्ते देईल तसेच घ्यायला लागलं आणि बऱ्याच ठिकाणी ::१ पहिला यायला लागला. मी कोडमधला एक अक्षर बदललेला नव्हता, फक्त नोड नवं टाकलं, आणि वजन बंद. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाकलं तर पान उघडायचं, कारण ब्राउझर एक पत्ता लागला नाही तर दुसरा करून बघतो, त्यामुळं तर मी आणखीनच चक्रावलो. नेटस्टॅटमध्ये बघताना चौकोनी कंसात ::१ आहे का १२७.०.०.१ आहे ते डोळे उघडे ठेवून बघा, आणि सेटिंगमध्ये नावाऐवजी आकडेच लिहा.

कधी असंही होतं की नेटस्टॅट म्हणतंय पोर्टवर कुणीच नाही, आणि तरी प्रोग्रामला तिथं बसता येत नाही, एरर १००१३ येते, परवानगी नाही म्हणते. ॲडमिन म्हणून चालवलं तरी तेच. माझा एक जुना प्रोग्राम ५००१० वर बसायचा, एका मुलानं त्याच कम्प्युटरवर अभ्यासासाठी लिनक्सचं काहीतरी चालवायला हायपर-व्ही (विंडोजमध्ये दुसरी सिस्टीम चालवायची सोय) चालू केलं आणि त्या दिवसापासून हे सुरू झालं. विंडोजमध्ये काही पोर्टचे गट्ठे असे राखून ठेवलेले असू शकतात, ते नेटस्टॅटमध्ये दिसत नाहीत, त्यासाठी नेटश इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्सक्लुडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी ही कमांड आहे, तिच्या यादीत आपला नंबर सापडला की विषय संपला, नंबर बदला. मुळात नंबर निवडतानाच काळजी घ्यायला हवी होती. विंडोज ४९१५२ पासून ६५५३५ पर्यंतचे नंबर खिडक्यांना जाता-येता तात्पुरते देत असतं, लिनक्सवर हीच पट्टी सहसा ३२७६८ ते ६०९९९ असते, तिथं आपलं कायमचं दुकान टाकलं की आज ना उद्या कुणीतरी आधी येऊन बसणारच. १०२४ च्या वरचा आणि ३२७६८ च्या खालचा नंबर घ्या.

दोन्ही खिडक्या जोडल्या जातात पण दर दोन-चार सेकंदांनी आळीपाळीनं तुटतात, एक आली की दुसरी गेली, असं दिसलं तर सेटिंगची फाइल बघा. एकच प्रोग्राम दोनदा उघडला की दोघंही तीच फाइल वाचतात, म्हणजे दोघांचं नाव, आयडी सगळं एकच. मधे एमक्यूटीटीचा ब्रोकर, म्हणजे निरोप वाटणारा मधला प्रोग्राम, असेल (त्याचा नेहमीचा पोर्ट १८८३) तर नियमच असा आहे की त्याच क्लायंट आयडीनं दुसरा आला की आधीच्याला काढायचं. काढलेला परत जोडायला येतो, मग दुसऱ्याला काढलं जातं, आणि हे दिवसभर चालतं. मी आता खिडकी उघडताना आयडीच्या मागं पीआयडी जोडतो आणि प्रत्येक खिडकीची लॉग फाइलही वेगळी ठेवतो, नाहीतर एकाच लॉगमध्ये दोघींच्या ओळी मिसळतात आणि कोण काय बोललं ते कळत नाही.

यूडीपी, म्हणजे कनेक्शन न जोडता सुटी पाकिटं पाठवायची पद्धत, वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण मी ते सोडून दिलंय. दोन खिडक्या एकच यूडीपी पोर्ट वाटून घेऊन ऐकत असल्या आणि पाकीट थेट १२७.०.०.१ ला पाठवलं तर ते एकीलाच मिळतं, दोघींना नाही. ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेलं) नाहीतर मल्टिकास्ट (ठरावीक गटाला पाठवलेलं) असेल तर सगळ्यांना मिळू शकतं, पण मल्टिकास्टचा लूपबॅक ऑप्शन (पाठवलेलं त्याच कम्प्युटरवर परत मिळायची सोय) विंडोजवर ऐकणाऱ्यानं लावायचा असतो आणि लिनक्सवर पाठवणाऱ्यानं, यात बऱ्याच जणांचे दिवस गेलेत. सोपा रस्ता म्हणजे प्रत्येक खिडकीनं पोर्ट ० मागायचा, सिस्टीम मोकळा नंबर देते, तो नंबर वजन देणाऱ्याला कळवायचा आणि त्यानं प्रत्येकीला वेगळं पाठवायचं.

आता टीसीपीचीच एक गोष्ट राहिली. एका काकांचा फोन आला की टीव्हीवर एका पोत्याचं वजन ५०.२५५०.३० असं दिसायलंय. दोन वजनं चिकटली होती. टीसीपीमध्ये पाण्याच्या नळासारखं सगळं सलग येतं, मी दोनदा पाठवलं म्हणजे समोरच्याला दोनदा मिळेल असं नाही, एकदम मिळेल नाहीतर अर्धंच मिळेल. घरी एक खिडकी उघडून बघताना हे कधी दिसत नाही, तीन खिडक्या आणि प्रिंटर चालू असला, कम्प्युटरवर ताण आला की दिसतं. प्रत्येक वजनाच्या शेवटी नवीन ओळीचं चिन्ह पाठवा आणि ते आल्याशिवाय समोरच्यानं आकडा धरू नये.

सगळं मिळून आता मांडणी अशी केलीय. वजन वाचायचं काम हिशोबाच्या प्रोग्राममधून पूर्ण बाहेर काढलं, त्याचा वेगळा लहान प्रोग्राम, कम्प्युटर चालू झाला की सर्व्हिस म्हणून आपोआप सुरू होणारा, कोण लॉगिन करतंय याच्याशी त्याचा संबंध नाही. तो एकटाच कॉम पोर्ट धरतो, १२७.०.०.१ वर ७१०० ला बसतो, दुसरी प्रत सुरू झाली तर ती लॉगमध्ये लिहून लगेच बंद होते. खिडक्या फक्त जोडून घेतात, कुणीही आधी उघडा, कुणीही बंद करा, आणि जोडणी तुटली तर दर दोन सेकंदांनी परत प्रयत्न करतात. उघडायच्या क्रमाचा प्रश्नच संपला. हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं.

तरी एक दुखणं यातूनही सुटलं नव्हतं आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. यूएसबीचा कन्व्हर्टर जरा ढिला झाला, वजन वाचणारा प्रोग्राम मेला नाही, कॉम पोर्टवर वाट बघत अडकून बसला. प्रोग्राम मेला असता तर सिस्टीमनं त्याची कनेक्शनं लगेच तोडली असती आणि खिडक्यांना कळलं असतं, पण अडकलेल्या प्रोग्रामचं कनेक्शन जिवंतच असतं, नेटस्टॅटमध्ये एस्टॅब्लिश्डची जोडी छान दिसते. खिडकीत आधीच्या पोत्याचं वजन तसंच राहिलं आणि मुनीमांनी पुढच्या पोत्याला तेच धरलं. शेतकऱ्यानंच ओरडून सांगितलं, "अहो मुनीम, हे पोतं भरीव हाय, मघाचं हलकं व्हतं." त्यानं सांगितलं नसतं तर त्याच्या पट्टीवर कमी वजन लागलं असतं, माझ्या प्रोग्राममुळं. वर्षभराच्या राबण्याचं मोल त्या आकड्यावर ठरतं.

त्यानंतर वजन वाचणारा दर सेकंदाला काट्याकडून खरोखर काही आलं का ते सांगतो, प्रत्येक वजनाबरोबर ते कधी वाचलं ती वेळ पाठवतो, आणि तीन सेकंद नवीन काही आलं नाही तर खिडकी जुना आकडा पुसून तिथं "काटा बोलत नाही" असं लाल अक्षरात लिहिते आणि पट्टीचं बटण बंद करते. मुनीमांना सुरुवातीला त्रास वाटला, घाईच्या वेळी बटण बंद पडतं म्हणाले. मी ते चालू करायची सोय दिलेली नाही, केबल नीट बसवली की ते आपोआप चालू होतं.